दुसऱ्या पंगतीचं बाकडं

कुंदा परबने कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पसंत केल्याचं आमच्या चाळीत कुणाला आठवत नाही. शहाळं घ्यायचं तरी ती शहाळेवाल्याशी आधी त्याच्या गावच्या गप्पा मारायची, मग हळूच विचारायची, "तू स्वतः यातलं कुठलं पिशील?" आणि त्याची नजर ज्या शहाळ्याकडे वळेल ते उचलायची. मंडळाच्या प्रसादाचा शिरा ती आधी वाढणाऱ्याला खायला लावायची. चाळीतले लोक तिला 'इन्स्पेक्टरीण' म्हणायचे, पण तिच्या मागे. तोंडावर म्हटलं असतं तर तिने त्याच पावली त्यांच्या घरात शिरून पाण्याची पिंपं तपासली असती.

मी तिच्या शेजारच्या खोलीत राहायचो. नोकरी ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात, मुद्रितं तपासायची. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. कुंदा तेच काम फुकट करायची आणि माझ्यापेक्षा बरं करायची, हे मला कधीच फारसं रुचलं नाही. आम्ही एकाच वयाचे, एकाच शाळेतले, त्यामुळे तिच्या लेखी मी शेवटपर्यंत 'वश्या'च राहिलो.

हा तपासणीचा रोग तिला खानावळीतून जडला होता. तिची आई, भागूमावशी, लालबागच्या आमच्या चाळीत खानावळ चालवायची. कोकणातून आलेले, बायकामुलं गावी ठेवून गिरणीत राबणारे पुरुष तिच्याकडे जेवायचे. खोली ती केवढी! पहिली पंगत आत बसली की दुसऱ्या पंगतीची माणसं बाहेर गॅलरीत, एका लांबलचक सागवानी बाकड्यावर आपली पाळी येईपर्यंत बसून राहायची. नवा माणूस खानावळ एकदम लावत नसे. तो एखाद्या दुपारी गाववाल्याला भेटायच्या निमित्ताने यायचा, बाकड्याच्या टोकाला टेकायचा आणि जेवून बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघत बसायचा. जो तिथे जेवतोय त्याला तो काही विचारत नसे, कारण रोज जेवणारा भिडेपोटी बरंच बोलणार. जो खानावळ सोडून गेला असेल त्याला गाठून विचारायचा. एवढं झालं की शेवटी मावशीला विचारायचा, "मावशी, तुम्ही कधी जेवता?" मावशी त्याच टोपातलं खाते की स्वतःसाठी वेगळं शिजवते, हे त्याला त्यातून कळायचं. पाण्याचे तांबे फिरवता फिरवता कुंदाने हे सगळं पाहिलं आणि पुढे आयुष्यभर वापरलं.

मग गिरण्यांचा संप आला. पहिली पंगत निम्म्यावर आली आणि दुसरी पंगत अशी राहिलीच नाही. माणसं 'मिटेल तेव्हा येतो' म्हणून गावी गेली ती गेलीच. मावशीचा हात मात्र आवरत नव्हता. सवयीने ती डोंगराएवढा भात घालायची आणि मग आमचा अख्खा मजला तो भात संपवायचा. बाकड्यावर पापड वाळू लागले. कुंदा तेव्हा नुकतीच सायन्सला गेली होती. ती डॉक्टर होणार हे आमच्या मजल्याने ठरवून टाकलं होतं, दोघा-तिघांनी तर आपापली दुखणी तिच्यासाठी राखून ठेवली होती. पण घरात कमावणारं कुणी नव्हतं. तिने कॉलेज सोडलं आणि चिंचपोकळीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली. नंबर लावायचे, जखमा बांधायच्या, सुया उकळायच्या आणि रडणाऱ्या पोरांपेक्षा त्यांच्या आयांना जास्त दटावायचं, असं ते काम. त्या दिवसांत ती कॉलेजचा विषय काढत नसे, आणि तिच्यासमोर आम्हीही काढत नसू.

मधल्या काळात ठाकूरद्वारचं एक स्थळ आलं. मुलगा पोस्टात, दिसायला नीटनेटका, माणसं घरंदाज. बघण्याचा कार्यक्रम ठरायच्या आत कुंदा एका भर दुपारी साडीला पिन लावून, हातात पुठ्ठा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "डासांच्या सर्व्हेसाठी आलेय," म्हणाली. मुलाच्या आईने बिचारीने पाणी दिलं, चहा दिला, मोरीतली पिंपं दाखवली. कुंदा तासाभराने परत आली ती दोन बातम्या घेऊन.

"मुलगा नको," ती म्हणाली. "घरात आई आजारी पडली तर चहा कोण करतं, म्हणून विचारलं. म्हणे, शेजारीण. मुलगा घरात असतो तेव्हा पण शेजारीण!"

"आणि दुसरी बातमी?"

"त्याची आई फार चांगली आहे रे."

तिने लग्नाला नकार कळवला आणि त्या बाईकडे जाणं चालू ठेवलं. वर्षानुवर्षं ती ठाकूरद्वारला जात राहिली, कधी ओले बोंबील घेऊन, कधी नुसतीच. त्या पोस्टातल्या मुलाचं पुढे लग्न झालं तेव्हा सुनेला घरातली माहिती द्यायला कुंदाच पुढे होती. "चहा त्याला करायला लाव," एवढंच तिने त्या नव्या नवरीच्या कानात सांगितलं म्हणे.

फसली ती एकदाच. संपानंतर आमच्या भागात कोर्सेसचं पीक आलं होतं. टीव्ही दुरुस्ती, टायपिंग, एसी, काय वाट्टेल ते. दादरला एका साड्यांच्या दुकानाच्या वर लॅब असिस्टंटचा कोर्स निघाला. तिथे सूक्ष्मदर्शक यंत्र होतं आणि भिंतीवर मानवी हृदयाचं रंगीत चित्र होतं. त्या चित्रावर कुंदा भाळली आणि काही न विचारता फी भरून नाव घालून आली. पावसाळा संपता संपता एका सकाळी ती गेली तर पाटी गायब, यंत्र गायब. चित्र तेवढं राहिलं होतं. ते ती घरी घेऊन आली आणि मोरीच्या दारावर लावलं. "रोज तोंड धुताना दिसलं पाहिजे," म्हणाली.

आणि मग, संप होऊन दहा-बारा वर्षं लोटल्यावर, परळच्या एका खाजगी हॉस्पिटलने नवा अभ्यासक्रम काढला: फिजिशियन असिस्टंट. मुंबईत तेव्हा हे नावही कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टर नाही, नर्स नाही, पण रोग्याला पहिल्यांदा विचारायचं, तपासायचं, डॉक्टरांपुढे सगळं नीट मांडायचं, ऑपरेशनला शेजारी उभं राहायचं. जाहिरात कुंदाने तीनदा वाचली आणि आईला समजावून सांगितली.

मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. "शिकान सवरान शेवटी कंपाउंडरच मां?" तिने विचारलं.

गोष्ट साधी नव्हती. वयाची अट होती आणि कुंदाचं ते शेवटचं वर्ष होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जा, माझा आशीर्वाद आहे. पण मला दुसरी मुलगी ठेवावी लागेल. परत आलीस तर खुर्ची रिकामी नसेल." म्हणजे कोर्स दादरसारखा निघाला तर हातची नोकरीही गेली आणि शिकायची पाळीही गेली. कुंदा त्या दिवसांत भात चिवडत बसायची. तिला असं बघायची आम्हाला सवय नव्हती आणि खरं सांगायचं तर ते बघवत नव्हतं.

"माहितीपत्रक तर झकास आहे," मी म्हटलं.

"तू माहितीपत्रकं तपासतोस. त्यातलं किती खरं असतं?"

"स्पेलिंग," मी म्हणालो.

तिची खरी अडचण वेगळीच होती. खानावळ सोडून गेलेल्याला विचारायचं हा तिचा हुकमी डाव, आणि इथे तर पहिलीच बॅच. कोर्स सोडून गेलेला सोडाच, कोर्स केलेलाही कुणी नव्हता. "अजून चूलच पेटली नाहीये," ती म्हणाली. "वास घ्यायचा तरी कशाचा?"

मुलाखतीला ती मला भाऊ म्हणून घेऊन गेली. मी बाहेर बसलो, दार अर्धवट उघडं होतं. आत तिघं होती: कोर्सचे प्रमुख डॉक्टर, रुपेरी केसांचे, आवाजात जरब, कारभार बघणाऱ्या एक कडक इस्त्रीच्या मॅडम, आणि कोपऱ्यात एक सावळा, गप्प तरुण. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कुंदाने भराभर देऊन टाकली. मग प्रमुख डॉक्टर चुकले. ते म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो. आम्हाला हाक काय मारणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे पेशंट डॉक्टरला डॉक्टर म्हणतो, सिस्टरला सिस्टर. आम्हाला काय म्हणणार? 'ए' म्हणून चालणार नाही."

मॅडम म्हणाल्या, ते हळूहळू रूढ होईल.

"बरं. आणि उद्या तुमच्या पोटात दुखलं, तर आमच्यातल्या कुणाकडून तपासून घ्याल का?"

प्रमुख डॉक्टर हसले आणि म्हणाले, नक्की. हसण्यात थोडा उशीर झाला, असं कुंदाचं पुढे म्हणणं होतं.

"शेवटचं," ती म्हणाली. "आम्ही जेवायला बसणार कुठे?"

प्रमुख डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं. मग मॅडमना हसू आवरेना. "अहो, हा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे, वसतिगृह नव्हे!"

"तसं नाही मॅडम. डॉक्टरांची खोली वेगळी, सिस्टर लोकांची वेगळी. वॉर्डबॉय जिन्यात बसतात, मी येताना बघितलं. दुपारी डबा उघडायची वेळ झाली की आम्ही कुठल्या दारातून आत जायचं?"

प्रमुख डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "त्याचा विचार करावा लागेल," ते म्हणाले. कोपऱ्यातल्या तरुणाने पहिल्यांदा मान वर करून कुंदाकडे बघितलं.

आठवड्याभरात निवड झाल्याचं कळलं. कुणीही आनंदाने उडी मारली असती. आमची इन्स्पेक्टरीण म्हणाली, "त्यांनी मला पसंत केलंय. मी अजून कुठे केलंय?" आणि दुसऱ्या दिवशी तिने पोट धरलं. म्हणजे तसं ठरवलं. हॉस्पिटल पेशंटला कसं वागवतं ते पेशंट होऊनच कळेल, आणि तेही अवेळी, ओपीडी बंद व्हायला आली की, जेव्हा सगळे कंटाळलेले असतात. "टोपाच्या तळाशी काय उरतं ते बघायचं," हे तिचं शास्त्र. मला पुन्हा भाऊ व्हावं लागलं.

खिडकीवर तिने स्वतःचं नाव सांगितलं नाही, ओळखतील म्हणून. आईचं सांगितलं, भागीरथी परब. तिथपर्यंत ठीक होतं. पुढे वय विचारल्यावर ती गडबडली आणि आईचंच वय सांगून मोकळी झाली. केस पेपर तसाच तयार झाला आणि आम्हाला आत पाठवलं. आत डॉक्टरच्या आधी तपासायला बसला होता तो मुलाखतीतला सावळा तरुण. त्याचं नाव मेनन. हे काम मद्रासला शिकून आलेला, मुद्दाम या कोर्ससाठी आणलेला. त्याने कागद बघितला, कुंदाकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"भागीरथीबाई," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "तब्येत छान ठेवलाय."

ओळख दाखवली नाही. नीट विचारपूस केली: कधीपासून दुखतं, खाल्ल्यावर की उपाशीपोटी, झोपेतून जाग येते का. आमच्या मागे आणखी दहा-बारा माणसं ताटकळत होती, पण त्याने घाई केली नाही. मग तिला आडवं करून पोटावर हात दाबला. कुंदा "आई गं!" करून कळवळली. तिने नाटकात कामं कधी केलेली नव्हती, तरी मला तो अभिनय बरा वाटला. मग मेननने कानाला नळी लावली, ती पोटावर टेकवली आणि ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने विचारलं, मुंबईत चांगला मासळी कुठे मिळतो. कुंदा त्याला सविस्तर सांगू लागली. ती सांगत असताना तो तीच जागा नळीने चांगली खोल दाबत होता, आणि पापलेटपर्यंत पोचलेल्या कुंदाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हाताने दाबला की दुखतोय," मेनन म्हणाला, "नळीने दाबला की नाही दुखत."

कुंदा उठून बसली. मी दाराकडे बघितलं. तेवढ्यात ओपीडीचे मोठे डॉक्टर आले, मुलाखतीतले नव्हेत, दुसरेच, आणि मेननने त्यांच्यापुढे पेशंट मांडला, तेही आमच्यासाठी मराठीतच. "सर, हिला दुखत काही नाही. हिला काहीतरी विचारायचं आहे."

मोठे डॉक्टर 'बरं' म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले, जणू अशी केस रोजच येते. कुंदा हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिला तसं मोकळं हसताना पाहिलं आणि मलाही बरं वाटलं. मग तिने विचारलंच.

"तुम्ही जेवता कुठे?"

मेननचा चेहरा उतरला. रांग संपेपर्यंत थांबवून मग त्याने आम्हाला नेलं आणि दाखवलं. एक्स-रेच्या मागे एक बोळ होता, कोठीच्या खोलीला लागून, खिडकीखाली. तिथे एक औषधाचं खोकं उलटं घातलेलं होतं. त्यावर तो बसायचा, कारण डॉक्टरांच्या खोलीत गेलं की बोलणं थांबायचं आणि सिस्टरांच्या खोलीत त्याला जाता येत नव्हतं. "चालतंय," तो म्हणाला.

कुंदा तडक घरी आली. आल्यावर आईसमोर बसली. "शिकवतील ते चांगलं शिकवतील, आई. माझं खोटं पकडलं त्याने. दादरच्या लोकांनी माझं काहीसुद्धा पकडलं नव्हतं. पण तिथे बसायला जागा नाही. दोन वर्षं शिकून मी खोक्यावर बसायचं?"

भागूमावशी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"जेवान बरा आसा मां?" तिने विचारलं.

"हो."

"मग बसाक आपला बाकडा घेवन जा."

मला वाटलं, म्हातारी बोलून गेली. कुंदाला तसं वाटलं नाही. कोर्स सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी गॅलरीतल्या बाकड्यावरचे पापड झटकले, ते हातगाडीवर घातलं आणि लालबागहून परळपर्यंत ढकलत नेलं. हॉस्पिटलच्या फाटकावर भय्या वॉचमनने अडवलं. "ये क्या है?"

"डिपार्टमेंट का फर्निचर," कुंदा म्हणाली, आणि वर त्यालाच एक टोक धरायला लावलं. बोळात खिडकीखाली ते बाकडं असं बसलं की जागा त्याच्यासाठीच ठेवली असावी. मेननने खोकं उचलून कोठीत नेऊन ठेवलं आणि बाकड्याच्या कडेला अगदी अवघडून बसून बघितलं.

इस्त्रीवाल्या मॅडमना पंधरा दिवसांनी ते दिसलं. हे कुणी मागवलं म्हणून त्यांनी विचारलं तर कोठीवाल्यांना वाटलं एक्स-रेवाल्यांनी, एक्स-रेवाल्यांना वाटलं कोठीवाल्यांनी. कुंदा तिथेच उभी राहून मॅडमच्या बाजूने जोरजोरात मान हलवत होती. शेवटी कुणीतरी पांढऱ्या रंगाने बाकड्यावर हॉस्पिटलचा नंबर टाकला आणि प्रश्न मिटला. मावशीला हे कळलं तेव्हा मात्र ती भडकली. "माझ्या बाकड्यार नंबर?" ती म्हणत राहिली, पण डब्यात भाजी जास्त घालू लागली, कारण त्या बाकड्यावर आता सगळी बॅच जेवत होती.

कुंदा पास झाली, तिथेच लागली, आणि पुढे तिथेच शिकवूही लागली. पेशंट तिला 'परबताई' म्हणू लागले. हाक खरोखरच हळूहळू रूढ झाली, एवढं मॅडमचं खरं निघालं. मेनन मद्रासला परत गेला, जाताना मासळीबाजाराची माहिती बरोबर घेऊन. मावशी गेली. चाळ पाडून टॉवर उभा राहायला लागला तेव्हा मी डोंबिवलीला आलो, आणि आमच्या गाठीभेटी होईनाशा झाल्या.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्याच हॉस्पिटलात. एका नातेवाइकाला बघायला गेलो होतो. दुपारची वेळ होती, म्हणून पाय आपोआप एक्स-रेच्या मागे वळले. बाकडं होतं. नंबर दोनदा बदलून रंगवलेला दिसत होता. त्यावर सात-आठ मुलंमुली दाटीवाटीने जेवत होती, आणि टोकाला कुंदा, केस पांढरे, प्रत्येकाच्या डब्यात डोकावून शेरे मारत होती. मी हाक मारणार तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ आले. हातात डबा, खांदे वाकलेले. ओळखायला मला जरा वेळ लागला. ते मुलाखतीतले प्रमुख डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आठवड्यातून एकदा पेशंट बघायला यायचे. त्यांची खोली आता दुसऱ्या कुणाची होती आणि डॉक्टरांच्या खोलीतली सगळी मंडळी त्यांना अनोळखी झाली होती.

ते क्षणभर डबा धरून उभे राहिले. ती जरब आता आवाजात नव्हती. "परबताई," ते म्हणाले, "मी कुठे बसू?"

इतक्या वर्षांपूर्वीचा तो प्रश्न त्यांना आठवत होता की नाही, मला माहीत नाही. कुंदाला आठवत होता. तिचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, आता ही काहीतरी लागट बोलणार. ती उठली, त्यांच्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं, वास घेतला.

"कोणी केलंय?"

"मीच," डॉक्टर म्हणाले. "हल्ली मीच करतो."

"तुम्ही हेच खाता?"

"हेच."

"मग बसा," कुंदा म्हणाली, आणि सगळ्या बाकड्याला सरकायला लावून तिने त्यांना मधोमध जागा करून दिली. स्वतः मात्र उभीच राहिली, एका हातात आपला डबा घेऊन, दुसऱ्या पंगतीची वाट बघणाऱ्या माणसासारखी.